पांढरी पाच घेऊन मिल्टाउन मॅलबेला

लंडनमधले कथकचे कार्यक्रम आटोपले तेव्हा जून संपत आला होता. बाकीची मंडळी पुण्याला परतली आणि मी बासऱ्यांची पेटी उचलून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघाले. जुलैचा पहिला शनिवार आला की क्लेअर परगण्यातल्या मिल्टाउन मॅलबे नावाच्या लहानशा गावात विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. लोक त्याला उत्सव म्हणतात, पण मोठा मांडव, रोषणाई, व्हीआयपी पास असलं काही तिथं नाही. सकाळी शिकायचं, दुपारी व्याख्यान ऐकायचं आणि रात्री गावातल्या पबांमध्ये पहाटेपर्यंत वाजवायचं. विली क्लॅन्सी याच गावचे. पेशानं सुतार आणि इलन पाइप्स या आयरिश वाद्याचे थोर वादक. १९७३ च्या जानेवारीत ते वारले आणि त्याच उन्हाळ्यात त्यांच्या मित्रांनी हे 'स्कूल' सुरू केलं.

व्हिसाचं आधीच सांगून टाकते, कारण इथं बरेच जण फसतात. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये असलं तरी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालत नाही. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा असला तर आधी ब्रिटनमध्ये उतरून मग त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येतं. मी डोक्याला ताप नको म्हणून वेगळा आयरिश व्हिसा काढला होता.

शुक्रवार, एनिस

लंडनहून विमानानं शॅनन, तिथून बसनं एनिस. एनिस हे क्लेअरचं मुख्य गाव. अरुंद गल्ल्या, रंगीत दुकानं आणि मधोमध उंच खांबावर डॅनियल ओकॉनेल यांचा पुतळा. १८२८ ची ऐतिहासिक पोटनिवडणूक त्यांनी इथूनच जिंकली होती. माझी मोठी बॅग विमानाबरोबर आलीच नाही, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. बासऱ्या हातातल्या सामानात होत्या म्हणून निभावलं. वाद्य कधीही चेक-इन करू नका, हे वादकांना सांगायला नको. पण एक जोड कपडे आणि एक रेनकोटसुद्धा वाद्याच्या पेटीजवळच ठेवा, एवढं नक्की सांगेन. जुलै महिना, आणि बाहेर पंधरा अंश, वर भुरभुर पाऊस!

संध्याकाळी एका पबमध्ये कोपऱ्यात दोन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) आणि एक बासरी असे चौघं बसले होते. मी सूप आणि ब्राउन ब्रेड घेऊन पलीकडच्या टेबलाशी बसले. त्या ब्रेडबद्दल जरा सांगायलाच हवं. तो यीस्टनं नाही, खायचा सोडा आणि ताक घालून फुगवतात. कापला की भुगा पडतो आणि लोणी लावायला कुणी हात आखडत नाही. मी पुढचा आठवडा जवळपास त्यावरच काढला.

शनिवार, मिल्टाउन

एनिसहून मिल्टाउन तीसेक किलोमीटर. एरवी शांत असलेल्या या गावाच्या मुख्य रस्त्यावर त्या दिवशी पाठीवर फिडलच्या पेट्या अडकवलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. वर्षातून एकदा इथंच भेटणारे लोक. जपानहून आलेली मुलगी, फ्रान्समधल्या ब्रिटनीहून आलेलं जोडपं, बॉस्टनचे एक निवृत्त शिक्षक. नावनोंदणीच्या रांगेतच अर्ध्या जगाशी ओळख झाली.

राहण्याची सोय ही इथली खरी अडचण. गावातल्या खोल्या एक वर्ष आधीच संपतात, कारण जाणारा माणूस पुढच्या वर्षाचं सांगूनच निघतो. मला सहा-सात किलोमीटरवर क्विल्टी नावाच्या कोळ्यांच्या वस्तीत एका आजींच्या घरी खोली मिळाली. आजींनी दारातच विचारलं, "चहा?" आणि उत्तराची वाट न बघता किटली चढवली. चहा आपल्यासारखाच कडक आणि दूध घालून. आल्याशिवायचा आहे एवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही. क्विल्टीत राहणार असाल तर मात्र रात्रीच्या परतीचा विचार आधी करा. बस रात्री नसते. टॅक्सीवाल्याचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा, किंवा माझ्यासारखं कुणाच्या तरी गाडीत कोंबून घ्या.

संध्याकाळी उद्घाटनाचं व्याख्यान. ते दरवर्षी ब्रँडॉन ब्रॅनख यांच्या स्मरणार्थ असतं. या गृहस्थांनी आयुष्यभर गावोगाव फिरून नाचाच्या शेकडो ट्यून्स लिहून घेतल्या, छापल्या, आणि पाइप्सवाल्यांची संघटना उभी करण्यातही पुढाकार घेतला. भातखंडे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

व्याख्यान संपवून बाहेर आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि चक्क उजेड होता.

रविवार, स्पॅनिश पॉइंट आणि पहिली बैठक

वर्ग सोमवारपासून, म्हणून सकाळी समुद्रावर गेले. गावापासून तीनेक किलोमीटरवर स्पॅनिश पॉइंटची चौपाटी आहे. १५८८ मध्ये इंग्लंडवर चालून गेलेल्या स्पॅनिश आरमारातली काही जहाजं परतताना क्लेअरच्या किनाऱ्यावर फुटली. जे खलाशी पोहून वर आले त्यांना इंग्रज सत्तेचा इथला शेरीफ बोइशियस क्लॅन्सी यानं फासावर चढवलं. एका क्लॅन्सीमुळे किनाऱ्याला हे नाव पडलं आणि दुसऱ्या क्लॅन्सीमुळे आज जगभरातून लोक इथं येतात. गावकरी हे सांगताना डोळा मारतात.

रात्री खरा कार्यक्रम. इथं प्रत्येक पबमध्ये, पबच्या स्वयंपाकघरात, मागच्या अंगणात, अगदी रस्त्याच्या कडेच्या बाकावरही बैठक जमलेली असते. तिला 'सेशन' म्हणतात. व्यासपीठ नाही, माइक नाही, वादक एकमेकांकडे तोंड करून गोल बसतात आणि बाकीच्यांकडे सरळ पाठ. श्रोते गप्पा मारतात, ग्लास आपटतात, कुणाला काही वाटत नाही. मला पहिले दहा मिनिटं हे फार लागलं. आपल्याकडे गवयानं तान घेतली आणि पुढच्या रांगेत कुणी खोकलं तरी माना वळतात. मग लक्षात आलं की हे आपल्या गावच्या देवळातल्या एकादशीच्या भजनासारखं आहे. ते कुणाला ऐकवण्यासाठी नसतंच, जमलेल्यांनी मिळून करायचं असतं. ज्याला येतं तो धरतो, नाही येत तो टाळ वाजवतो.

टाळाची गोष्ट निघालीच आहे तर एक सूचना. बोवरॉन नावाची हातात धरायची डफासारखी एक चीज तिथं असते. एका बैठकीत ती एकच असावी असा संकेत आहे आणि दुसरा बोवरॉनवाला दारात दिसला की फिडलवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. तबलजी मित्रांनो, तबला घेऊन जाणार असाल तर आधी विचारा, मग बसा. बासरी, फिडल कुणालाही हेच लागू. मोकळी खुर्ची दिसली म्हणून बसायचं नाही. नजरेनं विचारायचं, आणि बहुतेक वेळा लगेच जागा करून देतात. येत नसलेली ट्यून चालू असेल तर हात मांडीवर ठेवायचे. टाळ्यांनी ठेका धरू नये.

त्या रात्री मी नुसतं ऐकलं. सगळे तीच एक सुरावट वाजवतात, साथसंगत अशी जवळजवळ नाहीच. पण प्रत्येकाचं वळण थोडं वेगळं. आठ आवर्तनांचा एक भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, की ट्यून पुरी. ती दोन-तीनदा फिरवायची आणि न थांबता दुसरीत शिरायचं. कुठल्या ट्यूनमध्ये शिरायचं ते म्होरक्या बोलून सांगत नाही. एक "हप्!" येतो किंवा भुवई वर जाते, आणि पंधरा माणसं एकदम वळतात.

सोमवार, बासरीचा वर्ग

वर्ग शाळांमध्ये भरतात, आणि शाळा पुरत नाहीत म्हणून लोकांच्या घरांतही. रोज दहा ते एक. माझ्या वर्गात दहा वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या गृहस्थांपर्यंत सगळे. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही.

आता जरा बासरीवाल्यांसाठी. आयरिश लोक वाजवतात ती लाकडी बासरी, बहुधा काळ्या आफ्रिकन लाकडाची, आतून खाली निमुळती होत जाणारी. एकोणिसाव्या शतकात ब्योम यांची चाव्यांची बासरी आली आणि ऑर्केस्ट्रावाल्यांनी जुन्या लाकडी बासऱ्या काढून टाकल्या. त्या स्वस्तात आयरिश खेड्यांत पोहोचल्या आणि तिथल्याच होऊन गेल्या. सहाही भोकं बंद केली की तिचा डी वाजतो, म्हणजे आपली पांढरी दोन (पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी). माझ्याकडे पांढरी पाचची बासरी होती. तिची सगळी भोकं बंद केली की खालचा पंचम येतो, आणि पांढरी पाचचा पंचम म्हणजे पांढरी दोनच! वरची तीन बंद केली की माझा सा, त्यांचा जी. सगळी उघडली की माझा तीव्र मध्यम, त्यांचा सी शार्प. बोटं तंतोतंत तीच. तेव्हा आयर्लंडला जाणाऱ्या बासरीवाल्यांनी पांढरी पाच घ्यावी, वेगळं वाद्य विकत घ्यायची गरज नाही. फक्त थंडीत बांबू उतरतो. वाजवण्याआधी बासरी पाच मिनिटं कोटाच्या आत धरून गरम करायची.

गुरुजींनी (त्यांना गुरुजी म्हटलं तर ते दचकतील, तिथं सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात) बांबू हातात घेऊन उलटसुलट बघितला, एक फुंकर मारली आणि म्हणाले, "बासरी आहे. बस."

शिकवण्याची रीत मला घरचीच वाटली. कागद नाही. ते एक तुकडा वाजवतात, आपण वाजवायचा, मग पुढचा तुकडा, मग दोन्ही जोडून. तीन तासांत एक जिग बसली. जिग म्हणजे सहा मात्रांची चाल, दादऱ्याच्या अंगानं जाणारी. रील चार-चारच्या वजनात पळते, आपल्या कानाला केरवा लागतो. शिवाय नऊ मात्रांची स्लिप जिग असते, तिचं वजन सापडायला मला वेळ लागला. मोबाइलवर रेकॉर्ड करायला वर्गात सगळेच सांगतात. सेशनमध्ये मात्र आधी विचारून घ्यावं.

मंगळवार

दिवसभर एका 'रोल'वर अडकले. एकाच स्वराला वरून एका बोटाचा झटका आणि खालून एक थाप द्यायची, म्हणजे स्वराचे तीन तुकडे होतात. आपल्या मुरकीच्या जवळचं, म्हणून मी खुशीत वाजवलं. गुरुजींनी मान हलवली. "तुझ्या झटक्यात स्वर ऐकू येतोय. तो यायला नको. नुसती ठिणगी पाहिजे." बोट इतकं पटकन उचलायचं की स्वराची ओळखच पटू नये, नुसता ठोका लागावा! वीस वर्षं मुरकीतला प्रत्येक स्वर स्वच्छ लागला पाहिजे म्हणून रियाज केला, आणि आता तो झाकायचा. संध्याकाळपर्यंत दहातले तीन रोल जमले असतील.

दुसरी गंमत श्वासाची. रीलमध्ये थांबायला जागाच नसते. मग श्वासासाठी एखादा स्वर गाळायचा, आणि कुठला गाळला यावर वादकाची ओळख ठरते. वर्गातले सत्तरीचे गृहस्थ एका जुन्या वादकाची नक्कल करून दाखवत होते, फक्त श्वासांच्या जागांवरून. अर्धा वर्ग लगेच नाव सांगून मोकळा.

जेवणात सीफूड चाउडर. मासे, शिंपले, बटाटा, दूध. तिखटाचा पत्ता नाही, पण मासा सकाळचा होता. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, बटाटा कुठंही आणि कुठल्याही रूपात मिळतो.

बुधवार, पाऊस आणि पाइप्स

आडवा पाऊस. छत्रीचा उपयोग शून्य. वर्गानंतर पाइप्सच्या रीड (हवा लागली की थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ पट्ट्या) बनवण्याची कार्यशाळा बघायला बसले आणि संध्याकाळपर्यंत उठलेच नाही.

इलन पाइप्स म्हणजे स्कॉटिश बॅगपाइप नव्हे. हे बसून वाजवायचं वाद्य. तोंडानं फुंकायचं नाही. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या कोपराखाली हवेची पिशवी. बोटांखाली चँटर, म्हणजे चाल वाजवायची नळी, दोन सप्तकं वाजणारा. त्याचं टोक मांडीवर दाबलं की आवाज बंद. मांडीवर तीन ड्रोन, अखंड डी धरणारे. हे पुरे नाही म्हणून आणखी तीन रेग्युलेटर, ज्यांच्या चाव्या उजव्या हाताच्या मनगटानं दाबून सूर भरायचे, आणि तेव्हा बोटं आपली चाल वाजवत असतात. पाइपवाला व्हायला सात वर्षं शिकणं, सात वर्षं सराव आणि सात वर्षं वाजवणं लागतं अशी म्हण आहे. २०१७ मध्ये युनेस्कोनं या वादनाला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

तोंडाची ओलसर हवा आत जात नसल्यानं रीड कोरडी राहते, आणि कोरडी रीड हवामानापुढे फार हळवी. कार्यशाळेतले कारागीर बोरूची कांब चाकूनं तासत होते. एक पापुद्रा काढायचा, ओठांत धरून फुंकायचं, ऐकायचं, परत एक पापुद्रा. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना बघितलेलं मला आठवलं. तोच कान, तीच चिकाटी, आणि मधेमधे तीच निराशेची शिवी.

तिथंच विली क्लॅन्सींबद्दल ऐकायला मिळालं. त्यांचे वडील बासरी वाजवत आणि गॅरेट बॅरी या अंध पाइपवाल्याच्या चाली त्यांना पाठ होत्या. बॅरी १८९९ मध्ये वारले, म्हणजे विलींच्या जन्माआधी जवळपास वीस वर्षं. तरी त्यांचं संगीत वडिलांच्या मुखातून मुलाकडे आलं. पण पाइप्स हातात घ्यावेत असं विलींना वाटलं ते जॉनी डोरनना ऐकून. डोरन हे भटक्या ट्रॅव्हलर समाजातले, गाडीत संसार आणि जत्रेत, शर्यतीच्या मैदानांवर वादन. १९३० च्या दशकात ते या भागात आले, विली त्यांच्या मागे मागे फिरले. पुढे लंडनला सुतारकाम केलं, १९५७ मध्ये गावी परतले आणि मग त्यांच्याकडे लोक येऊ लागले. आज गावात त्यांचा पुतळा आहे, मांडीवर पाइप्स घेतलेला.

गुरुवार, केली

केली म्हणजे नाचाची रात्र. चार जोड्यांचा चौकोन, त्याला सेट म्हणतात. क्लेअरचा खास तो कॅलेडोनियन सेट. इथले नाचणारे पायांनी जमिनीवर ठेका वाजवतात, आणि चांगला बँड त्या पायांकडे बघून वाजवतो. किलफेनोरा केली बँड १९०९ पासूनचा आहे, यावरून इथल्या परंपरेची कल्पना यावी. माझ्या गुरुजींच्या वाक्याचा अर्थ मला या रात्री कळला. ते म्हणत होते, "एवढ्या घाईनं कुठं निघालीस? नाचणाऱ्याचा पाय खाली येऊ दे." क्लेअरचं वादन इतरांपेक्षा संथ आणि झुलतं का, ते घामाघूम होऊन बाकावर बसल्यावर आपोआप समजतं. माझ्या पोटऱ्यांना ते कथकच्या मुलींपेक्षा नक्कीच लवकर समजलं.

पूर्वी हे नाच घराघरांत, स्वयंपाकघराच्या फरशीवर होत. १९३५ मध्ये सार्वजनिक नाचासाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा आला, धर्मगुरूंचाही त्याला पाठिंबा होता, आणि या भागातले घरचे नाच बंद पडत गेले. शेजारच्या बॉनाव्हिला वाडीचे फिडलवादक ज्युनिअर क्रीहान यांना याची खंत शेवटपर्यंत होती. १९९८ मध्ये ते गेले. समर स्कूल उभं करणाऱ्यांत तेही होते.

शुक्रवार, पुन्हा वाजव

सकाळी आजींनी त्यांचं चर्च दाखवलं. १९०७ मध्ये 'लिओ तेरावा' नावाचं फ्रेंच जहाज क्विल्टीसमोर खडकावर आपटलं. इथले कोळी वादळात आपल्या करॅक, म्हणजे लाकडी सांगाड्यावर डांबरी कापड ताणलेल्या हलक्या होड्या, घेऊन गेले आणि खलाशांना काढून आणलं. त्या कौतुकातून पैसे जमले आणि १९११ मध्ये हे चर्च उभं राहिलं. आजींनी ते सांगितलं ते मात्र असं, जणू गेल्या आठवड्यात घडलंय. येताना त्यांनी मला डिलिस्क चाखायला दिलं. वाळवलेलं तांबडं समुद्री शेवाळ, खारट आणि चिवट. दुसऱ्यांदा मागितलं नाही, एवढंच म्हणते.

संध्याकाळी एका घराच्या मागच्या खोलीत गाण्याची बैठक होती. गाताना मात्र हेच लोक चिडीचूप बसतात. एकाचं झालं की तो पुढच्याचं नाव पुकारतो आणि पुकारलेल्यानं नाही म्हणायचं नसतं. माझं नाव पुकारलं गेलं, गाणं नाही तर बासरी चालेल म्हणाले. एका तरुण पाइपवाल्यानं स्वतःहून ड्रोन लावला. डी. तंबोरा आयताच मिळाला! पंचमाला षड्ज मानून वाजवायचं ठरवलं. त्यात अडचण ही की सगळी भोकं बंद केली की सा, त्याखाली जायला जागाच नाही, मंद्र सप्तक विसरायचं.

खमाजची एक धून घेतली. आधी थोडा आलाप, मग केरव्यात. खमाजात दोन्ही निषाद लागतात, वर जाताना शुद्ध आणि उतरताना कोमल. पहिल्यांदा कोमल निषादावर आले तेव्हा कोपऱ्यातले फिडलवाले आजोबा खुर्चीत पुढे सरकले. झाल्यावर ते म्हणाले, "तो सी आमचाच आहे." त्यांचंही खरं. त्यांच्या कितीतरी ट्यून्समध्ये सी आणि सी शार्प दोन्ही येतात, आणि पाइप्सवरचा सी तर पियानोपेक्षा किंचित चढाच असतो. मी अर्धं भोक झाकून तो कोमल निषाद नेमका जरा चढा ठेवला होता, ड्रोनबरोबर तसाच गोड लागत होता म्हणून.

मग आजोबा म्हणाले, "आता पुन्हा वाजव. घेऊ आम्ही."

मी पुन्हा वाजवलं. दोघी फिडलवाल्या मुलींनी गज उचलले आणि चौथ्या मात्रेला थांबल्या. "हे वेगळं होतं." परत सुरुवात केली. "हेही वेगळं." आणि मला हसू फुटलं, कारण मला तेच जसंच्या तसं दोनदा वाजवता येईना. उभा जन्म तेच परत वाजवू नये म्हणून शिकण्यात गेला. आपल्याकडच्या माझ्या गुरुजींच्या समोर तीच जागा दुसऱ्यांदा घेतली तर ते तंबोऱ्यावर बोट आपटून थांबवत. इथं सोळा जण तेच एक ऐकायला बसलेले, कारण तेच नसेल तर सगळ्यांनी मिळून वाजवायचं कसं?

शेवटी आजोबांनीच तोडगा काढला. "तू जे काय करतेस ते कर. पण त्याखाली काय आहे ते आम्हाला दे." म्हणून मी सगळे हरकती-खटके काढून आठ मात्रांच्या चार ओळी बांधल्या, अगदी उघड्या. त्या पाचच मिनिटांत त्यांनी उचलल्या, आणि मग काय गंमत! त्या उघड्या चालीवर प्रत्येकानं आपले रोल आणि झटके घातले. पाइपवाल्यानं मनगटानं खालून सूर भरला. माझं खमाज क्लेअरमध्ये राहणाऱ्या कुणाचं तरी झालं होतं आणि मी त्यातली कुठली हरकत घेऊ हे विचारत बसले होते. रात्री दोनला मी क्विल्टीला पोहोचले तेव्हा आजी जाग्या होत्या आणि किटली चढलेलीच होती.

शनिवार, दुसरा भाग

क्लेअरच्या किनाऱ्यावरचे प्रसिद्ध मोहेरचे कडे बघून आले म्हणून सांगितलं तर बरं दिसेल, पण शनिवारी सकाळी धुक्यात मला फक्त कठडा दिसला. ज्यांना कडेच बघायचे आहेत त्यांनी आठवड्यात एक दिवस राखून ठेवावा आणि आदल्या रात्री नव्हे, त्याच सकाळी हवा बघून ठरवावं. रोख युरो थोडे जवळ असू द्या. प्लगसाठी ब्रिटनसारख्या चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर लागतो. आणि पुढच्या वर्षी येणार असाल तर निघण्यापूर्वी खोलीचं बोलून ठेवा.

शेवटचा वर्ग दहाला. त्यानंतर मुख्य रस्त्यावर त्याच दोघी फिडलवाल्या मुली भेटल्या, एका बाकावर बसून माझीच धून वाजवत होत्या. धाकटी म्हणाली, "हे अर्धंच आहे. दुसरा भाग कुठंय?"

त्यांच्या कुठल्याही ट्यूनला दुसरा भाग असतोच, बहुधा वरच्या सप्तकात जाणारा. आपल्या धुनेला अंतरा असतो, तोही वर जातो, मी काल स्थायीवरच थांबले होते. बसला चाळीस मिनिटं होती. बासरी काढली, गार पडली होती म्हणून फिडलच्या मऊ पिशवीत गुंडाळून गरम केली, आणि अंतरा बांधायला बसले. तार षड्जावर न्यायचा, तिथून शुद्ध निषाद, मग कोमल, आणि पंचमावर सोडायचा. धाकटीला तिसरी ओळ पटली नाही. "इथं खाली का येतेस? अजून वरच राहू दे." राहू दिलं. खरंच बरं लागत होतं. मोठीनं त्याला लगेच एका जुन्या रीलची शेपटी जोडून बघितली, कारण ट्यून नुसती संपवायची नसते, पुढच्या ट्यूनमध्ये न्यायची असते. मला ती रील येत नव्हती, म्हणून बस येईपर्यंत मी ती शिकत बसले.